घरातली शिस्त आणि हक्काची राखण

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनी धम्मावर आणि चळवळीवर मोठी व्याख्याने होतात, ती झालीच पाहिजेत. परंतु समितीने आम्हांस सांगितले की, उद्या सकाळी घरात उपयोगी पडेल असे काही बोला. म्हणून आज एका साध्या सवयीवर बोलणार आहोत. वस्तू जागच्या जागी ठेवण्याची सवय, आणि त्यातही घरातले कागद.

कुणी म्हणेल, ह्यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? सांगतो. जून-जुलै आला की वस्तीतली पोरं धावपळ करताना दिसतात. बारावीला चांगले मार्क असतात, जातीचा दाखलाही असतो. पण जात वैधता प्रमाणपत्र काढायचे राहिलेले असते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ही तारीख का? तर अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशी निघाला. पुढे १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला, तरी पुराव्याची तारीख १९५० चीच राहिली. म्हणजे आजच्या नातवाला आजोबांच्या, प्रसंगी पणजोबांच्या शाळेतली नोंद लागते. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांची, किंवा गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद. खेड्यात तिला कोतवाल बुक म्हणतात.

आता घरी विचारावे तर आई म्हणते, दाखला ट्रंकेत होता. काका म्हणतात, गावी धाकट्याकडे असेल. धाकटा म्हणतो, घर पाडलं तेव्हा कुठं गेला कोण जाणे! कागद सापडेपर्यंत मुदत निघून जाते. पोराकडे गुण होते, हक्कही होता. कागद तेवढा हाताशी नव्हता.

बंधू-भगिनींनो, हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला. तो आपल्या उंबरठ्याच्या आत आणण्याचे काम आपले आहे. पैसेवाल्याचा कागद हरवला तर तो वकील लावतो, चार दिवस रजा काढतो. रोजंदारीवरच्या माणसाने तालुक्याला एक खेप घातली की एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून शिस्त ही श्रीमंताची हौस आहे असे कुणी समजू नये. तिची खरी गरज गरिबाच्या घरी आहे.

आणि ही शिस्त आपल्याला परकी नाही. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांकडे बघा. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे वस्त्र. अवघ्या आठ वस्तू. पण त्यांत सुई आहे! चीवर फाटेल हे आधीच धरून चाललेले आहे. विनयात असाही नियम आहे की, संघाची खाट किंवा बैठक उघड्यावर काढली तर जाताना ती आत ठेवावी, निदान कुणाला सांगून तरी जावे. राजा उदयनाने आनंदांना विचारले होते की, एवढ्या चीवरांचे तुम्ही करता काय? आनंदांनी सांगितले, जुन्या चीवरांची अंथरुणे होतात, मग पायपुसणी होतात, शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन सारवतो. आणि सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचा चौथा हिस्सा अडचणीच्या वेळेसाठी बाजूला ठेवायला सांगितले आहे. अप्पमाद, म्हणजे गाफील न राहणे, तो असा रोजच्या कामात उतरतो.

आता करायचे काय, ते सांगतो. पाचच सवयी आहेत.

पहिली सवय. घरातल्या सगळ्या कागदांना एकच जागा. पत्र्याची पेटी असो, कापडी पिशवी असो, कपाट पाहिजे असे काही नाही. आत प्रत्येक माणसाचे एक जाड पाकीट आणि वर नाव. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, वैधता. घराचे, रेशनचे, बँकेचे कागद वेगळ्या पाकिटात.

दुसरी. कागद बाहेर काढला तर त्याच दिवशी परत ठेवायचा. झेरॉक्सच्या दुकानात, शाळेत, फॉर्म भरणाऱ्याकडे मूळ प्रत विसरून राहते ती 'उद्या आणू' ह्या एका शब्दामुळे. मूळ कागद कुणाला द्यावा लागला तर पोच घ्यावी. आणि जुना कागद लॅमिनेट करू नये. प्लास्टिक एकदा चिकटले की कागद पुन्हा सुटा होत नाही.

तिसरी. एक वही. तिच्यात वंशावळ लिहा. पणजोबांपासून आजपर्यंत कोण कुणाचा, जन्म कुठला, कोण कोणत्या गावच्या शाळेत होता. भावकीत वडिलांकडून कुणाला वैधता मिळाली असेल तर त्याचेही नाव लिहा, कारण त्या प्रमाणपत्राचा पुढच्या पोरांना मोठा आधार होतो. मूल जन्मले की २१ दिवसांत नोंद करायची, आणि नावाचे स्पेलिंग वहीत आहे तेच सगळीकडे लावायचे. एका अक्षराच्या फरकाने माणूस महिनोन्‌महिने हेलपाटे मारतो.

चौथी. सकाळच्या कामाची तयारी रात्री. परीक्षेचे हॉल तिकीट, पेन, दवाखान्याची फाईल, एसटीचे सुट्टे पैसे रात्रीच काढून ठेवावेत. पाच मिनिटे लागतात. सकाळी त्याच पाच मिनिटांत गाडी चुकते.

पाचवी सवय सगळ्यांत महत्त्वाची. पेटीत काय आहे हे घरातल्या बाईला आणि मोठ्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. आपल्याकडे पुष्कळदा सगळे एकट्या पुरुषाच्या डोक्यात असते. तो अचानक गेला की बायकोला पासबुक कुठं आहे ते माहीत नसते, विमा होता की नाही तेही ठाऊक नसते. खात्याला वारसदाराचे नाव लावले आहे का, हे आज घरी गेल्यावर विचारा. विचारण्यात लाज कसली?

शिवाय पाण्याचे भान ठेवा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला महाड-चिपळूण पाण्याखाली गेले. भांडी धुऊन घेता येतात, कागद धुता येत नाही. म्हणून पाकिटे जाड प्लास्टिकमध्ये बांधून उंचावर ठेवा. झेरॉक्सचा एक संच दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे द्या. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, डिजिलॉकरचाही उपयोग करा. मात्र मोबाईल आहे म्हणून पेटीकडे दुर्लक्ष नको.

शेवटी समितीला एक विनंती. रविवारच्या वंदनेनंतर तासभर तरुणांनी वह्या घेऊन बसावे आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून एकेका घराची वंशावळ लिहून घ्यावी. आजोबा कोणत्या शाळेत होते, कोणत्या नावाने होते, हे सांगू शकणारी माणसे आता प्रत्येक वस्तीत मोजकी उरली आहेत. दाखल्याची दुसरी प्रत काढता येते; पण कुठल्या गावी, कोणत्या नावाने मागायची हे सांगणारे माणूस गेले की वाट बंद होते. तेव्हा पुढच्या रविवारीच सुरुवात करा. वही आणि पेन आम्ही देऊ.