श्यांग चिंग-यू आणि त्यांच्या सासूबाई



चीनच्या क्रांतीची गोष्ट निघाली की पुरुषांचीच नावे येतात. मी आज श्यांग चिंग-यू या बाईंविषयी सांगणार आहे.

त्यांचा जन्म १८९५ सालचा, हूनान प्रांतातील श्यूपू गावचा. तिकडे पूर्वी मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की तिची पावले करकचून बांधीत. बोटे तळव्याखाली दुमडून जात. १९१६ साली श्यांगबाई गावच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्या घरोघर हिंडत, मुलींचे पाय मोकळे करा, त्यांना शाळेत पाठवा, म्हणून आईबापांना विनवीत.

त्यांच्या सासूबाई, ग च्येन-हाव, यांचे पाय असेच बांधलेले. पण पन्नाशीला टेकल्यावर ही बाई मुलीबरोबर शिकायला निघाली! वय जास्त म्हणून शाळा घेईना, तर सरकारी अधिकाऱ्याकडे दाद मागून तिने प्रवेश मिळवला. मी सातवीतच शाळा सोडलेली. मला तर याचेच नवल फार वाटते.

१९१९ च्या डिसेंबरात ही सगळी मंडळी बोटीने फ्रान्सला गेली. सासूबाई तिथे भरतकाम विकून पैसे मिळवीत. श्यांगबाईंचे त्साय ह-सेन यांच्याशी लग्न १९२० साली तिथेच झाले. लग्नाच्या फोटोत दोघांच्या हाती मार्क्सचा ग्रंथ आहे म्हणे. हौस एकेकाची!

परतल्यावर १९२२ पासून कम्युनिस्ट पक्षाचे स्त्रियांमधील काम त्यांच्याकडे आले. शांघायला रेशमाच्या आणि सिगारेटच्या कारखान्यांतील बायांच्या संपांत त्या पुढे होत्या. त्यांची सगळी मते आपल्याला पटतील असे नाही. पण दिवसभर उकळत्या पाण्यातून कोशांचे धागे काढणाऱ्या बाईच्या हातांचे काय होत असेल, हे आपल्याला कळते.

पुढे नवराबायकोचे पटले नाही. मुले हूनानमध्ये आजीजवळ राहिली. हे बरे की वाईट, मला ठरवता येत नाही. कोणत्या आईचा जीव मागे ओढ घेत नसेल?

१९२७ साली पक्षाच्या लोकांची धरपकड आणि कत्तल सुरू झाली. श्यांगबाई हांखौ शहरात लपून काम करीत राहिल्या. १९२८ च्या मार्चमध्ये फ्रेंच वस्तीत त्यांना पकडले आणि १ मे रोजी, कामगारांच्या सणादिवशी, गोळ्या घातल्या. वाटेत बोलू नये म्हणून तोंडात दगड कोंबले, असे सांगतात. वय अवघे बत्तीस. मुलगी सहा वर्षांची, मुलगा चारच्या आतबाहेर.

१९३१ साली त्साय यांनाही मारले. सासूबाई मात्र १९४३ पर्यंत होत्या.