औषधाचा भाव कोण ठरवतो?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यसेवेतील तंत्रज्ञान आणि उद्योजक या विषयावर बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हाला केली. आम्ही डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. वाणिज्य शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. त्यामुळे यंत्र कसे चालते यापेक्षा त्याचे पैसे कोण भरतो, याकडेच आमचे लक्ष जाणार.

आपली घराणी या हैदराबादेत कित्येक पिढ्या नांदत आहेत. हे शहर औषधांचे शहर झाले, ते आपल्यापैकी ज्येष्ठांच्या डोळ्यांदेखत. बालानगरला सरकारी आयडीपीएलचा कारखाना उभा राहिला. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट ठेवले. म्हणजे तेच औषध दुसऱ्या रीतीने बनवायला वाट मोकळी झाली. आयडीपीएलमध्ये काम केलेले डॉ. अंजी रेड्डी यांनी 1984 मध्ये स्वतःची कंपनी काढली. सरकारी कारखान्याने माणसे तयार केली, कायद्याने वाट दिली आणि मग उद्योजक पुढे आला. हा क्रम लक्षात ठेवावा.

आता एक हिशेब मांडतो. कावीळ-ब ची लस पूर्वी परदेशातून येत असे. एका डोसला सातशे-आठशे रुपये पडत. वरप्रसाद रेड्डी हे अभियंता. त्यांनी इथेच 1993 मध्ये शांता बायोटेक्निक्स काढली आणि 1997 मध्ये देशी लस सुमारे पन्नास रुपयांना आणली. पाच माणसांच्या कुटुंबाला तीन-तीन डोस म्हणजे पंधरा डोस. परदेशी लसीला साडेसातशेच्या दराने 11,250 रुपये, देशी लसीला 750. तंत्रज्ञान आणि उद्योजकता एकत्र आली म्हणजे काय होते, ते या दोन आकड्यांत दिसते. पुढे 2009 मध्ये ही कंपनी फ्रान्सच्या सनोफीने घेतली. व्यवहार म्हणून त्यात वावगे काही नाही. पण ज्याने भाव उतरवला, तोच कायम मालक राहील असे धरून चालता येत नाही.

108 क्रमांकाचेही तसेच. 15 ऑगस्ट 2005 रोजी ही रुग्णवाहिका सेवा याच शहरातून सुरू झाली. एका फोनवर गाडी, गाडीत प्रशिक्षित माणूस, जवळचे रुग्णालय शोधून देणारे केंद्र. ही सेवा उभी केली सत्यमच्या रामलिंग राजू यांनी. जानेवारी 2009 मध्ये त्यांनी हिशेबातील घोटाळ्याची कबुली दिली आणि सत्यम कोसळली. तरी 108 ची गाडी थांबली नाही. तोपर्यंत सेवा चालवण्याचा बहुतेक खर्च सरकारी तिजोरीतून येत होता आणि व्यवस्थापन दुसऱ्या उद्योगसमूहाने हाती घेतले. कल्पना उद्योजकाची होती, तिला टिकवले ते तुमच्याआमच्या कराच्या पैशाने.

हृदयाच्या स्टेंटची गोष्ट याहून बोलकी आहे. 1998 मध्ये डॉ. कलाम आणि इथले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांनी मिळून स्वस्त देशी स्टेंट तयार केला. म्हणजे ज्ञान आपल्याकडे होते. तरी पुढे कितीतरी वर्षे औषध लावलेल्या स्टेंटचे रुग्णाच्या बिलात लाखाच्या पुढे पैसे लागत. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने कमाल दर ठरवला, 29,600 रुपये, आणि साध्या स्टेंटला 7,260. एका आदेशाने जे झाले, ते नुसत्या शोधाने झाले नव्हते.

कोरोनाकाळ तर सर्वांना आठवत असेल. कोव्हॅक्सिन इथल्या भारत बायोटेकने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेबरोबर बनवली. तीच लस एप्रिल 2021 मध्ये केंद्राला 150 रुपयांना, राज्यांना आधी 600 आणि मग 400 ला, खासगी रुग्णालयांना 1,200 ला. बाटली एक, भाव तीन! घेणारा जितका मोठा, तितका भाव उतरतो. एकटादुकटा रुग्ण बिचारा सर्वात लहान घेणारा.

बँकेत आम्ही रोज बघतो. मुदत ठेव मुदतीआधी मोडायला आलेल्या ज्येष्ठांना कारण विचारावे, तर बहुधा उत्तर येते दवाखाना. मुले पुण्यात नाहीतर परदेशात, इथे दोघेच. रिपोर्ट मोबाईलवर येतो, डॉक्टर पडद्यावर दिसतो, ही सोय खरीच. पण बिल पडद्यावरचे नसते. मोठ्या रुग्णालयांची मालकीही आता दूर चालली आहे. इथल्या डॉक्टरांनी उभ्या केलेल्या केअर रुग्णालयांत 2023 मध्ये ब्लॅकस्टोन या परदेशी गुंतवणूक कंपनीने बहुतांश वाटा घेण्याचे ठरवले. गुंतवणूकदाराला परतावा हवा असतो, यात नवल ते काय?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की नव्या यंत्रांचे स्वागत करावे आणि भावावर नजर ठेवावी. निवडणुकीला उभा राहणारा आपल्या दारात येतो. तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्या वॉर्डातील सरकारी दवाखान्यात कोणत्या तपासण्या होतात? खासगी रुग्णालयांचे दरपत्रक दर्शनी भागात लागणार का? आणि आपले आरोग्याचे कागद संगणकावर जातात, त्यासाठी घेतली जाणारी संमती म्हाताऱ्या माणसाला कळेल अशा भाषेत असणार का? मते मागायला येणारा मराठीत दोन वाक्ये बोलून जातो. संमतीचा कागदही मराठीत मिळाला तर बिघडले कुठे?

आपल्या हातातलेही थोडे सांगतो. ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. खासगी मेडिक्लेम असला तरी चालते. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत असणाऱ्यांनी मात्र दोन्हींतून एक निवडायचे आहे. कोणते दवाखाने यादीत आहेत, ते आधी पाहून ठेवावे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला आहे. नूतनीकरणाच्या पावतीवर तो लागलेला नाही ना, हे तपासावे.

मंडळाने महिन्यातून एका रविवारी ज्येष्ठांची कार्डे काढून देण्याचे आणि बिले वाचून देण्याचे काम सुरू करावे, अशी आमची सूचना आहे. दोन तरुण, एक संगणक आणि एक टेबल पुरे. बिलातील आकड्यांकडे पाहायला आम्ही बसू. एकटा माणूस भाव विचारायला कचरतो, शंभर घरांनी मिळून विचारले तर उत्तर द्यावे लागते.