पाळण्याचा हिशेब



मागच्या खेपेला आपण दुधाचा हिशेब मांडला. आज पाळण्याचा मांडायचा आहे. पुरुषांनी उठून जाऊ नये. पाळणा घरातला, तसा हा हिशेबही घरातलाच.

आमच्या वर्गात एक बाई तान्हं मूल घेऊन आली. आपलं पासबुक तिनं स्वतः वाचून दाखवलं. 3000 रुपये आणि 2000 रुपये, अशा दोन नोंदी होत्या. ती म्हणाली, "ताई, सरकारनं पाच हजार फुकट दिले."

आम्ही म्हणालो, फुकट नव्हे, बाई. हे पैसे प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे. ही योजना 2017 साली सुरू झाली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विसावा मिळावा, बुडालेल्या मजुरीतला काही भाग भरून निघावा, म्हणून ते देतात. मग किती रोज भरून निघाले, ते मोजायला नको का?

फळ्यावर मांडलं. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा रोज 312 रुपये होता. तोच धरला. 312 गुणिले 16, झाले 4992. म्हणजे सोळा रोज भरले आणि वर 8 रुपये उरले.

मागं बसलेली म्हातारी म्हणाली, "सोळाच? बाळंतिणीला सव्वा महिना तरी उठू देऊ नये."

तिच्या शेजारचे बाबा म्हणाले, "पण रोज काम असतं कुठं?"

बाबांचं बरोबर. हिशेब फुगवू नये. सव्वा महिन्यातले 25 रोजच धरले. 312 गुणिले 25, झाले 7800. त्यातून 5000 गेले. 2800 कमी पडले. बाळंतपणाआधी घरी बसलेले दिवस यात नाहीत.

मातृत्व लाभाच्या कायद्यात बसणाऱ्या नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. म्हणजे 182 दिवस. रानात खुरपणाऱ्या बाईला सोळा. हे ऐकून वर्ग गप्प झाला. आम्हीही गप्प झालो.

आता पुढचं. बाई कामावर जाऊ लागली, की मूल कोण सांभाळणार? त्या बाईनं वहीत लिहिलं होतं, "मूल सांभाळायचा खर्च, 0 रुपये. सासू सांभाळते."

आम्ही विचारलं, सासूबाई आधी काय करत होत्या? ती म्हणाली, "आठवड्यातले तीन दिवस खुरपणीला जायच्या. दोनशे रुपये रोज." मग ते शून्य कसं? आठवड्याचे 600 रुपये बुडाले. तिनं शून्य खोडलं आणि 600 लिहिलं. लिहिताना म्हणाली, "आत्या एका शब्दानं बोलल्या नाहीत."

आणि सासू नसेल तर? मग थोरली मुलगी घरी राहते. नऊ-दहा वर्षांची पोर कडेवर भावंड घेऊन फिरते. तिचा रोज कुणी मांडत नाही. पण शाळेच्या हजेरीत तिच्या नावापुढं गैरहजेरी पडत जाते. तुमच्या वहीत असं शून्य असेल, तर त्याच्यापुढं तिचे बुडालेले दिवस लिहा.

कामावरच्या पाळण्याचंही सांगतो. रोजगार हमी आपल्या महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळात उभी राहिली. पुढं 2005 साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. त्यात लिहिलं होतं, की कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला नेमावं आणि तिलाही मजुरी द्यावी. कायदा शहाणा होता. पण आम्ही एका कामावर सात मुलं मातीच्या ढिगाजवळ खेळताना पाहिली. हजेरीपत्रकात सांभाळणारीचं नाव नव्हतं. विचारलं तेव्हा बायका म्हणाल्या, "असं काही असतं, हेच ठाऊक नव्हतं."

आता अर्जाचं बोलू. वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या घरातल्या बाईला या योजनेसाठी अर्ज करता येतो. पहिल्या मुलाला 5000 रुपये. दिवस राहिल्याची नोंद आणि निदान एक तपासणी पाळी चुकल्यावर लवकर करून घ्यावी. शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत ती झाली, की 3000 मिळतात. मुलाच्या जन्माची नोंद आणि सुरुवातीच्या लशी झाल्या, की 2000. दुसरं मूल मुलगी असेल, तर 6000 एकदम. त्याचा अर्ज मुलगी जन्मल्यापासून 270 दिवसांत करायचा. आशाताई किंवा अंगणवाडीच्या सेविका अर्ज भरायला मदत करतात.

पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात. नवऱ्याच्या नाही, सासऱ्याच्या नाही. खातं आधारशी जोडलेलं हवं. इथंच पुष्कळ अडतं. आमच्या वर्गातल्या दुसऱ्या एका बाईचे पैसे अडकून राहिले होते. घरचे म्हणत, नशीब. तिनं एके दिवशी आधार कार्ड आणि पासबुक शेजारी ठेवून अक्षरं लावून वाचली. एकावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. ती स्वतः बँकेत गेली आणि बोट ठेवून म्हणाली, "ही दोन नावं एकच बाई आहेत." नाव दुरुस्त झालं. पैसे आले.

पहिली बाई परवा भेटली. 600 लिहिलेलं पान तिनं घरी वाचून दाखवलं. नवरा आधी हसला, मग पुन्हा वाच म्हणाला. आता आठवड्यातले दोन दिवस तो रानातून लवकर येतो आणि मूल घेतो. तेवढ्यात सासू खुरपणीला जाते.

पुढच्या वर्गाला येताना आधार कार्ड, पासबुक आणि लशीचं कार्ड बरोबर आणा. नावं आणि तारखा आपण एकमेकांच्या वाचून बघू.