केळं मोडलं, आता जोडून दे!

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी ठेवा, आजच्या विषयात बराच आरडाओरडा आहे.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला. तिचा मुलगा सव्वादोन वर्षांचा. सकाळी केळं सोलताना ते मधेच मोडलं. झालं! पोराने भोकाड पसरलं, "जोडून दे, जोडून दे." दुसरं केळं दिलं, तेही फेकलं. तेवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, "अगं रडवू नकोस त्याला, मोबाईल दे." मोबाईल दिला, पोरगं गप्प. मैत्रीण म्हणते, "ताई, मोबाईल दिला की हरल्यासारखं वाटतं. आणि नाही दिला तर एक दिवस माझा हात उठेल अशी भीती वाटते." हे शेवटचं वाक्य ती अगदी हळू बोललीय. आज त्याबद्दलच बोलू.

आधी बघू, एका केळ्यात एवढं असतं काय? दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्यात केळं म्हणजे अख्खं केळं. ते मोडलं म्हणजे त्याच्या जगातली एक गोष्ट बिघडली, आणि हे सांगायला त्याच्याकडे शब्द अगदी मोजके. त्यात भावनांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, पूर्ण तयार व्हायला वयाची विशी उलटते. सव्वादोन वर्षांत तो कुठून येणार? म्हणून या वयात "नाटकं करतोय" हे मला पटत नाही. नाटक करायला जेवढा विचार लागतो, तेवढा त्या क्षणी त्याच्याकडे नसतोच. तीन-साडेतीनला मात्र गडी हुशार होतो. रडलं की काय मिळतं याचा हिशोब त्याला जमायला लागतो. तो हिशोब शिकवतो कोण, ते पुढे येईलच.

फ्लॉरेन्स गुडइनफ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होत्या. मुलांच्या रागावरचं त्यांचं पुस्तक १९३१ चं. त्यांनी आईवडिलांना मुलांच्या रागाच्या रोज नोंदी ठेवायला सांगितल्या. त्यात दिसलं की राग जेवणाच्या वेळेआधी जास्त उसळतो, आजारपणातही वाढतो. आपल्या आज्या "भूक लागलीय त्याला" म्हणतात ते काही उगाच नाही. तुम्हीही आठवडाभर फोनमध्ये नोंद करून बघा, किती वाजता, त्याआधी काय खाल्लं, झोप झाली होती का. बऱ्याच घरांत वेळ ठरलेली निघते. मग त्या वेळेला बाजारात न्यायचंच नाही, किंवा निघायच्या आधी पोटात काहीतरी ढकलायचं.

पुढे २००३ मध्ये मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी अशा आकांडतांडवाचा अभ्यास केला. बहुतेक प्रकार पाच मिनिटांच्या आत संपतात, असं त्यांना आढळलं. आपल्याला तो अर्धा तास वाटतो, ते सोडा. त्यांचं आणखी एक निरीक्षण मला फार कामाचं वाटतं. राग सुरुवातीला टोकाला जातो आणि ओसरतो, दुःख मात्र मागे रेंगाळतं. म्हणजे किंचाळणं, लाथा झाडणं चालू असताना "का रडतोस? काय हवंय?" विचारून उपयोग नाही. तेव्हा फक्त जवळ बसायचं आणि त्याला लागेल असं काही बाजूला करायचं. मारायला आला तर हात धरायचा, "मारू देणार नाही" एवढंच म्हणायचं. किंचाळण्याचं हुंदक्यात रूपांतर झालं की कुशीत घ्यायचं. "केळं मोडलं, तुला अख्खं हवं होतं" हे तेव्हा त्याच्या कानात शिरतं.

आणि हात उठेल असं वाटलं तर? पोराला चटईवर, सुरक्षित जागी ठेवा आणि दोन पावलं मागे दारापर्यंत जा. तो दिसला पाहिजे, पण तुमच्या हाताच्या अंतरात नको. घरात दुसरं कुणी असेल तर "जरा याला बघा" म्हणून सरळ सोपवा. पाणी प्या. यात कसलाही कमीपणा नाही.

आता मोबाईल. पाच वेळा नाही म्हटलं आणि सहाव्यांदा दिला, तर पोरगं शिकतं की सहाव्यांदापर्यंत रडायचं. लॉटरीचं तिकीट माणूस परत परत का घेतो? कधीतरी लागते म्हणूनच. शिवाय बंद केल्यावर पहिले काही दिवस रडणं वाढतं, आणि नेमकं तिथेच घर हार मानतं. म्हणून सासूबाईंशी आधी बोला, पोरासमोर नाही, दुपारी निवांत चहाच्या वेळी. "आई, चार दिवस जास्त रडेल, तुमची मदत लागेल." त्यांना गप्प बसवू नका, काम द्या. गॅलरीतला कावळा दाखवणं आजीला जमतं तसं कुणाला जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासापेक्षा जास्त स्क्रीन नको. हे आकडे आजीला सांगायला बरे पडतात.

एक विनंती, "पोलीस येतील", "बागुलबुवा नेईल" हे थांबवा. मूल गप्प होतं, पण रात्री तोच बागुलबुवा आपल्याला झोपू देत नाही.

काही गोष्टी मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवायच्याच. रडता रडता श्वास रोखून मूल निळं पडलं तर पहिल्याच वेळी दाखवा. बहुतेकदा ते गंभीर नसतं, पण कधीकधी त्यामागे लोहाची कमतरता निघते. मूल दरवेळी डोकं आपटून स्वतःला इजा करून घेत असेल, रोजच बराच वेळ शांत होत नसेल, किंवा दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडून बोलत नसेल, तरी जाऊन या.

पुढच्या वेळी झोपेबद्दल बोलू. त्यावर तर तुमचे मेसेज साठलेत.