डोहाळजेवण कोणी करावे?



डोहाळजेवण सासरच्यांनी किंवा माहेरच्यांनी करावे, अशी आपली रीत. पण नोकरीपायी अचलपुरात येऊन एकटेच बिऱ्हाड थाटलेल्या जोडप्याने काय करावे? गर्भवतीने स्वतःच बोलावणे केले, की आपण कुजबुजतो, 'केवढी ही हौस!'

ही कुजबुज आम्हांला अन्यायाची वाटते. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून सुश्रुताने गर्भिणीला दोन हृदयांची, 'दौहृदिनी' म्हटले व तिची इच्छा पुरवावी असे सांगितले. मान आहे तो तिच्या इच्छेला. यजमान कोण, याला नव्हे.

मात्र अशा यजमानिणीने काही पथ्ये पाळावीत. बोलावतानाच आहेर नको म्हणून सांगावे. चुलीपाशी स्वतः राबू नये. तो भार शेजारणींनी उचलावा. आणि ओटी भरायला विधवेला व मूल नसलेलीलाही मानाने बोलवावे.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. पण ठराव उंबऱ्यापर्यंतच येतो. आत कोणाला पाट मांडायचा, हे घरची बाई ठरवते. दुसऱ्याने केलेल्या समारंभात तिला ती मुभा नसते. स्वतः केलेल्या समारंभात असते. ती तिने वापरावी, आणि आपण आनंदाने जेवायला जावे.