मूठभर गूळ, चिमूटभर मीठ

वर्गात गुरुजी विचारतात, ‘समजलं का?’ आणि साठ गळ्यांतून एका सुरात ‘हो’ येतं. या ‘हो’चा अर्थ फार तर इतकाच, की आता तास संपावा असं पोरांना वाटतंय. मग शिकवलेलं पोचलं की नाही, हे तपासायचं कसं? श्रोतेहो, याचं मला पटलेलं उत्तर शाळेतलं नाही, बांगलादेशातल्या स्वयंपाकघरांतलं आहे.

जुलाबानं तिथं लहान मुलं दगावत. ‘ब्रॅक’ या संस्थेनं 1980 पासून खेड्यापाड्यांत घरोघर शिकवणाऱ्या बायका पाठवल्या. धडा छोटासाच. अर्धा शेर पाणी, मूठभर गूळ आणि तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय, म्हणून आईच्या हातूनच ते पाणी करून घ्यायचं.

खरी गंमत पुढं आहे. शिकवणारी किती घरं फिरली, एवढ्यावर तिचा पगार ठरत नसे. काही दिवसांनी दुसराच माणूस त्यातल्या निवडक घरी जाई, आईला प्रश्न विचारी, पाणी करून दाखवायला सांगी. आईच्या जितकं लक्षात, त्या मानानं शिकवणारीच्या हातात पैसे! मुशायऱ्यातली दाद ही त्या रात्रीपुरती असते. महिन्यानं कुणाला ओळ आठवते का, हे विचारत आम्ही कवी कुठं हिंडतो?

पण एवढ्यानं भागलं नाही. अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षण जोखण्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या : आवडलं का, आलं का, वागण्यात उतरलं का, आणि त्यातून काही साधलं का. गाडी अडली ती तिसऱ्या पायरीवर. आयांना धडा पाठ होता, पाणीही नीट जमत होतं. पण मूल आजारी पडलं की ते फार थोड्या घरांत दिलं जाई. एखाद्यानं इथं बायकांच्या अडाणीपणावर खापर फोडलं असतं. यांनी शोध घेतला, तर शिकवणाऱ्यांपैकी कित्येकींचाच त्या पाण्यावर भरवसा नव्हता. स्वतःच्या जुलाबावर त्या दुसरं औषध घेत! मग आधी त्यांना त्यामागचं शास्त्र समजावलं. दुसरं म्हणजे घरातल्या पुरुषांना कुणी विश्वासातच घेतलं नव्हतं. तेव्हा बाजारात, शाळांत, मशिदींत पुरुषांच्या बैठका सुरू झाल्या. वापर वाढत गेला. 1990 पर्यंत हा धडा 1 कोटी 20 लाखांहून अधिक घरांत पोचला होता.