रक्तांतील एक बदनाम पदार्थ

नांदेड-लातूरकडच्या सुशिक्षित घरांत हल्लीं पंक्तीला एक पाहुणा न बोलावतां येऊन बसतो; त्याचें नांव कोलेस्टेरॉल. तुपाची वाटी पुढें आली कीं मंडळी हात आडवा करतात, आणि तोच हात पुढल्या क्षणीं भज्यांच्या ताटाकडे वळतो. या पदार्थाची अपकीर्ति फार झाली, ओळख मात्र थोडी झाली.

तो प्रथम सांपडला रक्तांत नव्हे, तर पित्ताशयांतील खड्यांत, अठराव्या शतकांत. त्याच्या नांवांतील ग्रीक शब्दांचा अर्थहि 'पित्त' आणि 'घन' असाच आहे. मेणासारखा हा पदार्थ मुळांतच विषारी असता, तर आपण कोणीच जगलों नसतों. प्रत्येक पेशीच्या वेष्टनांत तो असतो; पचनाचें पित्त आणि स्त्रीत्व-पुरुषत्व देणारीं संप्रेरकें त्यापासूनच घडतात. मेंदू वजनानें शरीराच्या अवघा २ टक्के, पण शरीरांतील सुमारें २० टक्के कोलेस्टेरॉल एकट्या मेंदूंत! त्यांतलें बहुतेक देह स्वतःच तयार करतो. ताटांतून येतें तें थोडें.

मग बिघडतें कोठें? वाहतुकींत. कोलेस्टेरॉल स्निग्ध, रक्त पाण्यासारखें. दोघांचें जमत नाहीं. म्हणून यकृत त्याला प्रथिनांच्या आवरणांत बांधून रवाना करतें. लातूरकरांस ही गोष्ट समजावणें सोपें आहे. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली; पहिल्या खेपेस १० वाघिणी, सुमारें ५ लक्ष लिटर पाणी. तें उतरवून घेण्याची सोय होती म्हणून गाडी रिकामी होऊन परत जाई. ती सोय नसती, तर भरल्या वाघिणी रुळांवरच उभ्या राहिल्या असत्या. रक्तांतहि असेंच घडतें. डॉक्टर ज्यांस एल्.डी.एल्. म्हणतात, त्या वाघिणींचे धक्के मुख्यत्वें यकृताच्या पेशींवर असतात. ब्राउन व गोल्डस्टीन या अमेरिकन संशोधकांनीं ते शोधून काढले. १९८५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. धक्के कमी पडले कीं वाघिणी रक्तांत रेंगाळतात, धमन्यांच्या भिंतींत शिरतात, आणि तेथें वर्षानुवर्षें थर सांचतो. दुखत नाहीं, खुपत नाहीं. पुष्कळांस पहिली वर्दी मिळते ती हृदयविकाराच्या झटक्यानेंच.

कांहीं घराण्यांत हे धक्के जन्मतःच उणे असतात. वडिलांस किंवा काकांस पन्नाशीच्या आंत झटका आला असेल, तर घरांतील सडपातळ, शाकाहारी तरुणानेंहि रक्त तपासून घ्यावें.

आहाराविषयीं थोडें. तूप, साय, पामतेल यांतील संपृक्त स्निग्धांश हे धक्के कमी करतो. वनस्पति तुपाचें तर विचारूंच नका. १९३७ सालीं डालडा बाजारांत आला आणि लग्नाच्या पंक्ती त्यावर उठूं लागल्या. अशा तुपांतील ट्रान्स स्निग्धांश घातक ठरल्यामुळें सरकारनें २०२२ च्या जानेवारीपासून त्याचें प्रमाण २ टक्क्यांवर बांधून टाकिलें आहे. आमच्या काळ्या रानांत रब्बीस होणाऱ्या करडईचें तेल, किंवा सोयाबीनचें, तुपाच्या जागीं वापरल्यास एल्.डी.एल्. उतरतें, तुपाच्या भरीस घातल्यास नव्हे. मात्र डब्यावर 'कोलेस्टेरॉलविरहित' असें वाचून भाळूं नये. कोणत्याहि वनस्पतीच्या तेलांत तें नांवापुरतेंच असतें. आंबेवाल्यानें 'आमचा आंबा बिनहाडांचा' म्हणून ओरडावें, तसला हा प्रकार!

आतां गोळीसंबंधीं. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनीं १९७० नंतरच्या दशकांत बुरशींतून एक द्रव्य वेगळें केलें. आजच्या स्टॅटिन गोळ्यांचें तें मूळ. ही गोळी यकृतांतील निर्मिति रोखते. माल कमी पडतांच यकृत नवे धक्के उभारतें आणि रक्तांतल्या वाघिणी ओढून घेतें. गोळी थांबली कीं कांहीं आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. आमचे एक स्नेही, नांदेडचे निवृत्त कारकून, अहवाल चांगला आला म्हणून गोळी सोडून बसले होते. मीं विचारिलें, "अण्णा, छत्रीखालीं अंग भिजत नाहीं म्हणून भर पावसांत छत्री मिटतां काय?" ते म्हणाले, "मास्तर, गोळीनें मांड्या दुखतात, त्याचें काय?" तक्रार खरी असूं शकते, कांहींजणांचे स्नायू तिनें दुखतात. पण त्यावर मात्रा कमी करणें, गोळी बदलणें असे उपाय डॉक्टरांपाशीं असतात. दुसऱ्या दिवशीं अण्णा दवाखान्यांत गेले आणि निराळी गोळी घेऊन आले.